फौजेतून नाव कापलं गेलंय? बडतर्फीचा शिक्का बदलून घेण्यासाठी पहिल्या कागदापासून पुढे

आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेतून माणूस दोन तऱ्हांनी घरी येतो. एक 'पेन्शन येतो', त्याची वेशीपासून मिरवणूक निघते. दुसऱ्याचं 'नाव कापलेलं' असतं. तो रात्रीच्या एसटीने येतो, ट्रंक माळ्यावर टाकतो आणि त्यातले कागद पुढे कित्येक वर्षं कुणी उघडून बघत नाही.

मी सैन्यात क्लार्क होतो. सुभेदार म्हणून पेन्शन आलो. अशा ट्रंकेतले कागद माझ्या टेबलावरून टाइप होऊन गेलेले आहेत, आणि आता ती माणसं किंवा त्यांच्या घरची मंडळी तेच कागद घेऊन माझ्या ओसरीवर येतात. एक आई आली होती. गाव तिच्या मुलाला बारा वर्षं 'बडतर्फ' म्हणत होतं, मुलगाही तेच समजून बसला होता. कागद उघडला तर त्यावर डिस्चार्ज, म्हणजे सेवेतून मोकळं केलं, असं लिहिलं होतं. बडतर्फी नव्हतीच. त्याची ग्रॅच्युइटी मागायचीच राहून गेली होती. या एका शब्दाच्या फरकाने घराचं काय होतं ते मी पाहिलं आहे, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. मोबाइलवर व्हिडिओ बघून काहीजण विचारतात, डिस्चार्ज 'अपग्रेड' करायचा फॉर्म कुठे मिळतो? तो प्रकार अमेरिकेतला. तिथे डिस्चार्जचा दर्जा तपासणारी स्वतंत्र मंडळं आहेत आणि ठरलेल्या फॉर्मवर पंधरा वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. आपल्याकडे असं मंडळ नाही. आपली वाट दोन टप्प्यांची: आधी सैन्याच्याच वरच्या अधिकाऱ्याकडे पिटिशन (लेखी विनंती अर्ज), मग सशस्त्र दल न्यायाधिकरण, म्हणजे ए.एफ.टी. आणि आपली मुदत फार लहान आहे.

दुसरी गोष्ट. हे सगळं भूदल, नौदल आणि हवाई दलातल्या लोकांसाठी. मी कलमं आर्मी अ‍ॅक्टची सांगतो, नौदल आणि हवाई दलाचे कायदे वेगळे आहेत, पण ए.एफ.टी. तिघांचं एकच. सी.आर.पी.एफ., बी.एस.एफ., सी.आय.एस.एफ.मधून काढलेल्यांना ए.एफ.टी. नाही, त्यांनी खात्यातलं अपील संपवून हायकोर्टात जायचं. या चुकीपायी वर्ष घालवलेली माणसं मला भेटली आहेत.

पहिली पायरी: तुम्ही कोणत्या दाराने बाहेर पडलात ते वाचा

आर्मी अ‍ॅक्ट १९५० चं कलम २३ म्हणतं की सेवा संपलेल्या प्रत्येक जे.सी.ओ.ला (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) आणि जवानाला त्याच्या कमांडिंग ऑफिसरने प्रमाणपत्र द्यायचं. ते त्याच्या मातृभाषेत आणि इंग्रजीतही. त्यात तीन गोष्टी असल्या पाहिजेत: सेवा कोणाच्या अधिकाराने संपली, कारण काय, आणि एकूण सेवा किती झाली. म्हणजे मराठी जवानाला हा कागद मराठीत मिळायला हवा हे कायद्यानेच सांगितलं आहे. तुमच्याकडे नुसता इंग्रजी कागद असेल आणि त्यावर काय लिहिलंय ते तुम्हाला कुणी समजावलं नसेल, तर आज समजून घ्या. गावातल्या शिक्षकाकडून वाचून घ्या, पण शब्द न् शब्द वाचून घ्या.

कागदावर यांपैकी काहीतरी सापडेल.

'डिस्मिस्ड' असेल तर ती खरी बडतर्फी. ती कोर्ट मार्शलच्या शिक्षेतून येते, किंवा कलम २० खाली प्रशासकीय हुकमाने. 'रिमूव्हड' हाही कलम २० चाच प्रकार.

'डिस्चार्ज्ड' असेल आणि समोर आर्मी रूल्स १९५४ चा नियम १३(३), तिसरा भाग, पोटकलम पाच असं काही असेल, कारणात 'सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड' (सेवेची गरज उरली नाही) किंवा 'अनडिझायरेबल' असेल, तर तो अवांछित ठरवून केलेला डिस्चार्ज. चार लाल शाईच्या नोंदींवरून, म्हणजे जड शिक्षांच्या नोंदींवरून, घरी पाठवलेले बहुतेक जवान याच रकान्यात असतात.

रंगरूट असताना, कसम परेडच्या आधीच, 'अनलाइकली टू बिकम अ‍ॅन एफिशियंट सोल्जर' (चांगला सैनिक होईल असं वाटत नाही) असं लिहून पाठवलं असेल तर तो वेगळा रकाना आहे. तिथे लढायला जागा कमी असते. खोटी आशा मी देणार नाही.

'अ‍ॅट हिज ओन रिक्वेस्ट' लिहिलं असेल तर स्वतःला विचारा, अर्ज खरंच तुम्ही लिहिला होता का? कुणी लिहून आणलेल्या कागदावर सही केली असेल तर तीही सहीच धरली जाते. ती दबावाखाली झाली हे सिद्ध करणं तुमच्या अंगावर येतं.

आणि 'बोर्ड होऊन' आला असाल, म्हणजे मेडिकल बोर्डाने अनफिट केलं असेल, तर ही बडतर्फी नाही. तुमचा प्रश्न अपंगत्व पेन्शनचा आहे, त्याची वाट निराळी.

एवढा भर का? पेन्शन रेग्युलेशन्स १९६१ चा परिच्छेद ११३ बघा. आर्मी अ‍ॅक्टखाली डिस्मिस झालेल्याला आधीच्या सगळ्या सेवेची पेन्शन किंवा ग्रॅच्युइटी मिळत नाही. अपवादात्मक प्रसंगी राष्ट्रपतींच्या मर्जीने मिळू शकते, तेवढाच काय तो आधार. उलट डिस्चार्ज झालेला माणूस पेन्शन-ग्रॅच्युइटीला पात्र राहतो. जवानाला पेन्शनसाठी पंधरा वर्षं सेवा लागते. सोळा वर्षं सेवा झालेल्या हवालदाराला डिस्मिस केलं तर हातात शून्य, आणि तोच डिस्चार्ज ठरला तर आयुष्यभराची पेन्शन आणि मागे बायकोला फॅमिली पेन्शन. आपल्याकडे 'अपग्रेड' म्हणायचं तर ते हेच: बडतर्फीचं डिस्चार्जमध्ये रूपांतर.

माजी सैनिक म्हणून मान्यता हाही प्रश्न आहेच. नोकरीतल्या आरक्षणासाठी माजी सैनिकाची जी व्याख्या आहे, तिच्यातून मुदत पुरी करूनही गैरवर्तन किंवा अकार्यक्षमतेमुळे काढलेला माणूस बाहेर राहतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ओळखपत्र नाकारलं जातं ते यामुळे. तिथल्या क्लार्कशी भांडून उपयोग नसतो, त्याच्यासमोर जो कागद येतो त्यावर तो बांधलेला असतो. बदलायचा आहे तो कागद.

दुसरी पायरी: कागद मागवा, आणि ते अजून आहेत का ते बघा

वकिलाकडे जाण्याआधी कागद. माझा आग्रह आहे की हा क्रम चुकवू नका, कारण कागदाशिवाय वकील फक्त अंदाज सांगतो आणि तुम्ही त्या अंदाजावर पैसे खर्च करता.

पेन्शन न मिळालेल्या जवानाचं रेकॉर्ड पंचवीस वर्षं ठेवतात, नंतर नष्ट करतात. तुम्ही २००३ साली आला असाल तर मुदत जवळ आलेली आहे. हा लेख पुढे वाचायच्या आधी अर्ज पाठवला तरी चालेल.

अर्ज तुमच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, आर्मर्डचं (रणगाडा दलाचं) अहिल्यानगरला. नौसैनिकांसाठी मुंबईत मानखुर्दचं ब्युरो ऑफ सेलर्स, हवाई दलासाठी दिल्लीत सुब्रतो पार्कचं रेकॉर्ड ऑफिस. अर्जावर आर्मी नंबर, रँक, नाव, युनिट, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख ठळक लिहा. नंबर चुकला तर फाइल सापडत नाही.

अर्ज माहिती अधिकार कायद्याखाली करा. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर तीस दिवसांत पहिलं अपील तिथल्याच वरिष्ठाकडे, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत दुसरं अपील केंद्रीय माहिती आयोगाकडे. 'माझी सगळी माहिती द्या' असं लिहू नका. एकेक कागद नाव घेऊन मागा: शीट रोलची (सेवेच्या नोंदपत्राची) प्रत. कंडक्ट शीटची (वर्तणुकीच्या नोंदींच्या कागदाची) प्रत, लाल आणि काळ्या शाईच्या सगळ्या नोंदींसह. कारणे दाखवा नोटीस आणि तुम्ही दिलेलं उत्तर. प्राथमिक चौकशीचे कागद. डिस्चार्ज किंवा डिस्मिसलचा मूळ हुकूम, सही करणाऱ्याच्या हुद्द्यासकट. कोर्ट ऑफ इन्क्वायरी (सैन्यातली चौकशी) झाली असेल तर तिचे कागद. मेडिकल कागद. आणि कोर्ट मार्शल झालं असेल तर त्याच्या कामकाजाची पूर्ण प्रत. ही शेवटची प्रत मागण्याचा हक्क आर्मी रूल्सच्या नियम १४७ नेच दिलेला आहे, पण ते कागद शाबूत असेपर्यंतच.

'कागद नष्ट केले' असं उत्तर आलं तर तेही जपून ठेवा. पुढे न्यायाधिकरणात ते दाखवावं लागतं.

मिलिटरी हॉस्पिटलात दाखल झाला असाल तर तिथले कागद वेगळे मागवा. नागरी दवाखान्यात उपचार घेतले असतील तर तेही. मानसिक आजाराच्या बाबतीत मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट २०१७ चं कलम २५ रुग्णाला स्वतःचे वैद्यकीय कागद मिळण्याचा हक्क देतं. याबद्दल थोडं मनातलं सांगतो. रजेवरून वेळेवर न परतलेल्या पोरांत अशी किती असतात, ज्यांच्या डोक्यावर काहीतरी बसलेलं असतं. झोप नाही, बोलणं बंद, घरात भांडण, कुणाचं तरी आजारपण. त्या वेळी युनिटमध्ये कुणी विचारत नाही, घरी कुणाला कळत नाही, आणि कंडक्ट शीटवर फक्त 'बिनरजा गैरहजर, इतके दिवस' एवढंच उतरतं. त्या काळातला डॉक्टरचा एखादा जरी कागद सापडला तरी केसचं तोंड बदलतं. जुनी औषधाची चिठ्ठी, जिल्हा रुग्णालयाचा केसपेपर, काहीही फेकू नका.

तिसरी पायरी: चूक कुठे झाली ते शोधा

'माझ्यावर अन्याय झाला' हे वाक्य न्यायाधिकरण रोज ऐकतं. त्यांना हवं असतं ते हे: कोणत्या नियमाने काय करायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय केलं.

लाल शाईचं आधी घेतो, कारण सर्वांत जास्त लोक त्यातच अडकलेले असतात. जड शिक्षा कंडक्ट शीटवर लाल शाईने चढतात. चार झाल्या की माणूस घरी, असा समज युनिटमध्ये अगदी खालपर्यंत आहे. तो चूक आहे. आर्मी हेडक्वार्टर्सचं २८ डिसेंबर १९८८ चं एक धोरणपत्र आहे. त्यात म्हटलं आहे की डिस्चार्जच्या आधी प्राथमिक चौकशी व्हावी, चार नोंदी झाल्या म्हणून डिस्चार्ज करणं बंधनकारक नाही, प्रत्येक नोंद कोणत्या गुन्ह्याची आहे ते कमांडिंग ऑफिसरने पाहावं, आणि पेन्शनच्या जवळ आलेल्या माणसाशी कठोर होऊ नये. त्याची लांब सेवा, कठीण ठिकाणच्या पोस्टिंग, तिथलं जगणं, हे सगळं विचारात घ्यावं. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०१५ मध्ये वीरेंद्र कुमार दुबे विरुद्ध चीफ ऑफ आर्मी स्टाफ या निकालात याच पत्राचा आधार घेतला. चौकशीविना केलेला डिस्चार्ज रद्द केला आणि पेन्शनला लागणारी सेवा पुरी होईपर्यंत तो जवान सेवेत होता असं धरून पेन्शनचा लाभ दिला. मागचा पगार दिला नाही. हे नाव आणि वर्ष लिहून ठेवा.

पण दुसरी बाजूही कळली पाहिजे. २०१९ मध्ये सतगुर सिंग यांच्या प्रकरणात त्याच सुप्रीम कोर्टाने वारंवार गैरहजर राहणाऱ्या जवानाचा डिस्चार्ज कायम ठेवला. त्यामुळे 'दुबे निकाल आहे, केस जिंकलीच' असं सांगणाऱ्यापासून लांब राहा. तुमच्या नोंदी कशाच्या आहेत, किती वर्षांत पसरलेल्या आहेत, नोटीस मिळाली होती का, तिच्या उत्तराचा विचार झाला का, यावर सगळं ठरतं.

तुमच्या कागदांवर हे तपासा. डिस्चार्जच्या हुकमावर सही कुणाची? या रकान्यातला डिस्चार्ज ब्रिगेड किंवा सब-एरिया कमांडरच्या पातळीवरचा अधिकारी करतो. कमांडिंग ऑफिसरने परस्पर केला असेल तर तिथेच मोठं भोक आहे. नोटीस आणि हुकूम यांत किती दिवस गेले? नोटिशीत कारण नेमकं होतं की मोघम? कलम २० खालच्या डिस्मिसलसाठी आर्मी रूल्सचा नियम १७ सांगतो की आरोप कळवून लेखी उत्तराला वाजवी वेळ द्यायला हवा, काही अपवाद सोडून. आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीत तुमच्या अब्रूवर येणारं काही असेल तर नियम १८० प्रमाणे तुम्हाला हजर राहण्याची, साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची संधी मिळायला हवी होती.

समरी कोर्ट मार्शल, म्हणजे कमांडिंग ऑफिसर एकटाच चालवतो तो झटपट खटला, झालं असेल तर आणखी बारकाईने. चार्जशीट हातात पडल्यापासून खटला सुरू होईपर्यंत ९६ तास मिळाले का? प्रत्यक्ष सक्रिय सेवेत हा वेळ २४ तासांचा आहे. 'गिल्टी प्लीड केलं' असं लिहिलं असेल तर नियम ११५ प्रमाणे त्या कबुलीचा अर्थ आणि परिणाम तुम्हाला समजावल्याची नोंद आहे का? तुमची सही कुठे आहे? बऱ्याच जवानांना 'हो म्हण, सात दिवसांवर सुटशील' असं सांगितलं जातं आणि तो हो म्हणतो. कोर्ट चालवणारा कमांडिंग ऑफिसर तोच होता का, ज्याच्याविरुद्ध तुम्ही तक्रार केली होती? रणजित ठाकूर या सिग्नलमनच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९८७ साली याच मुद्द्यावर बोट ठेवलं. शिक्षा भोगत असताना जेवण्याचा हुकूम मोडला म्हणून त्याला एक वर्ष कैद आणि बडतर्फी मिळाली होती. ज्याच्याविरुद्ध तक्रार केली होती तोच अधिकारी कोर्टात बसलेला होता, आणि शिक्षा गुन्ह्याच्या मानाने अवाजवी होती. शिक्षा रद्द झाली. २०१६ मध्ये विश्व प्रिया सिंग यांच्या निकालात कोर्टाने हेही सांगितलं की समरी कोर्ट मार्शल हा अपवाद आहे, तातडीने कारवाईची खरी गरज असेल तेव्हाच वापरायचा.

चौथी पायरी: नेमकं काय मागायचं ते ठरवा

इथे लोक भावनेच्या भरात चुकतात. पन्नाशी गाठलेला माणूस अर्जात लिहितो, 'मला पुन्हा सेवेत घ्यावे.' घेणार नाहीत, वय आणि कराराची मुदत दोन्ही उलटून गेलेली असते. अर्ज त्या एका मागणीवर पडतो.

मागणी उतरत्या क्रमाने मांडा. आधी मोठी, ती नाही तर त्याखालची, तीही नाही तर तिसरी. सोळा वर्षं सेवेनंतर डिस्मिस झालेल्याने साधारण असं मागावं: 'डिस्मिसलचा हुकूम रद्द करावा. तसं न झाल्यास डिस्मिसलचं रूपांतर डिस्चार्जमध्ये करून त्या तारखेपासून पेन्शन द्यावी. तेही न झाल्यास परिच्छेद ११३ खालच्या माझ्या अर्जावर ठरावीक मुदतीत कारणांसह निर्णय देण्याचा आदेश व्हावा.' तेरा वर्षांवर डिस्चार्ज झालेल्याने दुबे निकालाच्या धर्तीवर पंधरा वर्षांपर्यंत सेवा मानून घ्या असं मागावं. चौदा वर्षं आणि काही महिने झाले असतील तर आधी हिशेब पुन्हा करा. पेन्शनच्या सेवेतली बारा महिन्यांपर्यंतची तूट माफ करण्याची तरतूद आहे, म्हणून तीही मागणी वेगळी लिहा.

फंडाचं आणि ग्रॅच्युइटीचं विसरू नका. पाच वर्षं किंवा जास्त सेवेनंतर डिस्चार्ज झालेल्याला ग्रॅच्युइटी असते. प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम तुमच्याच पगारातली. ती मिळाली का ते पासबुकावर बघा.

पाचवी पायरी: सैन्याकडे पिटिशन

ए.एफ.टी. कायदा २००७ चं कलम २१ म्हणतं, आधी खात्यातले उपाय वापरा. कोर्ट मार्शल असेल तर आर्मी अ‍ॅक्टच्या कलम १६४ खालचं पिटिशन. प्रशासकीय डिस्चार्ज असेल तर चीफ ऑफ आर्मी स्टाफच्या नावे अपील, रेकॉर्ड ऑफिसमार्फत. स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती आणि वेबसाइटवरचा डिलिव्हरीचा प्रिंट दोन्ही ठेवा.

पिटिशन तीन-चार पानांचं पुरे. पहिल्या पानावर तारखांचा तक्ता द्या. तो असा दिसावा:

भरती: अमुक तारीख, अमुक केंद्र.
पोस्टिंग: कुठे, किती काळ, त्यातला फील्ड किंवा अति उंचीवरचा काळ किती.
पहिली लाल नोंद: तारीख, गुन्हा, शिक्षा, आणि त्या वेळी घरी काय घडलं होतं.
पुढच्या नोंदी याच पद्धतीने.
नोटीस मिळाली: तारीख. उत्तर दिलं: तारीख.
हुकूम: तारीख, सही कुणाची.

खरं लिहा. तीन नोंदी होत्या आणि चौथी चुकीची होती तर तसंच लिहा. माझ्याकडे आलेल्या एकाने 'मी कधीच गैरहजर नव्हतो' असं ठोकून दिलं. समोरून कंडक्ट शीट आली आणि त्याचं बाकीचं सगळं खरं असूनही कुणी ऐकेना. गैरहजेरी मान्य करा आणि तिचं कारण पुराव्यासकट द्या. अधिकाऱ्यांना शिव्याही घालू नका. नाव न घेता, हुद्दा आणि तारीख घेऊन काय घडलं ते लिहा.

सैन्यातले मेडल, कोर्समधलं ग्रेडिंग, चांगल्या एसीआरच्या (वार्षिक गोपनीय अहवालांच्या) प्रती, पदोन्नती, सगळं जोडा. नंतरचं आयुष्यही जोडा: नोकरीचं प्रमाणपत्र, पोलीस पाटलाचा दाखला, व्यसन सुटलं असेल तर व्यसनमुक्ती केंद्राचा कागद. कायद्याने त्याला फार वजन नसेल, पण शिक्षा अवाजवी होती हे मांडताना वाचणाऱ्याच्या मनावर त्याचा परिणाम होतो.

सहावी पायरी: मुदत मोजा

पिटिशनवर अंतिम निर्णय आला तर त्या तारखेपासून सहा महिन्यांत न्यायाधिकरणात जायचं. निर्णय आलाच नाही तर सहा महिने वाट बघायची आणि त्यापुढच्या सहा महिन्यांत जायचं. पिटिशन १ जानेवारीला पोहोचलं आणि जूनअखेरपर्यंत उत्तर नाही, तर डिसेंबरअखेर ही तुमची सीमा. मधल्या काळात पंतप्रधानांना, राष्ट्रपतींना, खासदारांना पत्रं पाठवलीत तर मुदत थांबत नाही. पत्रावर पत्र पाठवत पाच वर्षं काढलेले लोक मी पाहिलेत, आणि त्यांना हे सांगताना जीव कासावीस होतो.

मुदत उलटून गेली असेल तर दार पूर्ण बंद नाही. उशीर माफीचा स्वतंत्र अर्ज मूळ अर्जासोबत लावायचा. 'गरीब व अज्ञानी असल्याने' एवढ्यावर भागत नाही. कोणत्या वर्षी आजारपण, कोणत्या वर्षी कागद मागितले, कधी मिळाले, हे सलग मांडायचं. पेन्शनच्या बाबतीत कोर्टं थोडी सैल असतात, कारण दर महिन्याला न मिळणारी पेन्शन हे चालू राहणारं नुकसान मानलं जातं. मात्र थकबाकी साधारण अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, हे सुप्रीम कोर्टाने तरसेम सिंग यांच्या २००८ च्या निकालात ठरवून दिलं. डिस्चार्जचा हुकूमच रद्द करून मागत असाल तर ही सवलत सहज मिळत नाही, तो हुकूम एकदाच घडलेला असतो.

सातवी पायरी: न्यायाधिकरण

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या माणसासाठी ए.एफ.टी.चं मुंबई खंडपीठ. तुमची शेवटची पोस्टिंग काश्मिरात किंवा आसामात असली तरी चालतं. सेवेबाहेर पडलेला माणूस आपण राहतो त्या भागातल्या खंडपीठाकडे अर्ज करू शकतो, तेव्हा श्रीनगर-गुवाहाटीच्या फेऱ्या नकोत. जवान हयात नसेल तर त्याची पत्नी किंवा वारस अर्ज करू शकतात. विधवा ताई-वहिनींनी हे वाक्य पुन्हा वाचावं, कारण 'तो गेला, आता काय' असं म्हणून बहुतेक घरं थांबतात.

डिस्चार्जविरुद्ध ए.एफ.टी. कायद्याच्या कलम १४ खाली मूळ अर्ज, कोर्ट मार्शलविरुद्ध कलम १५ खाली अपील. समरी कोर्ट मार्शलमध्ये डिस्मिसल किंवा तीन महिन्यांहून जास्त कैद झाली असेल तरच ते न्यायाधिकरणात चालतं. कामकाज इंग्रजीत असतं, म्हणून मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडा. स्वतः उभं राहून बाजू मांडायची मुभा आहे, पण मी वकील घ्या असंच सांगेन, आणि तोही सैन्याच्या केसेस चालवणारा.

पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. उत्पन्नाच्या मर्यादेतले लोक, महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग यांना मोफत वकील मिळतो. २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली आहे, तिच्याबद्दल जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. आणि 'एरिअर्स आले की तीस टक्के द्या' म्हणणाऱ्याला हात जोडा. निकालावर फी ठरवणं किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणं वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे, आणि वकील नसलेल्या दलालाला तर तुमच्या केसमध्ये उभंही राहता येत नाही.

तारखा लांबतात. प्रत्येक तारखेला मुंबई गाठायची गरज नसते, वकिलाला विचारून जा. सरकारचं उत्तर आलं की ते स्वतः वाचा. त्यात तुम्हाला पूर्वी कधीच न मिळालेले कागद जोडलेले असतात, आणि बऱ्याचदा केसचा खरा मुद्दा त्यांतच सापडतो.

निकाल विरुद्ध गेला तर सुप्रीम कोर्टाची वाट अरुंद आहे, सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा प्रश्न असावा लागतो आणि परवानगीसाठी मुदत तीस दिवसांची. मात्र हायकोर्टाचा घटनेच्या कलम २२६ खालचा अधिकार शाबूत आहे, असं सुप्रीम कोर्टाने मार्च २०२३ मध्ये परशोत्तम दास यांच्या निकालात स्पष्ट केलं. सामान्य माणसाला ती वाट जवळची.

आदेश हातात आल्यावर

निकाल बाजूने लागला की लोक पेढे वाटून गप्प बसतात आणि दोन वर्षांनी विचारायला येतात, पैसे का नाहीत. आदेशाची प्रमाणित प्रत घ्या आणि पत्रासोबत रेकॉर्ड ऑफिसला पाठवा. आदेशात मुदत असेल तर तिची शेवटची तारीख भिंतीवर लिहा. रेकॉर्ड ऑफिस पेन्शनचा प्रस्ताव प्रयागराजच्या पी.सी.डी.ए.कडे (संरक्षण पेन्शनच्या लेखा कार्यालयाकडे) पाठवतं, तिथून पी.पी.ओ. (पेन्शन देण्याचा हुकूम) निघतो. आता हे संरक्षण पेन्शनच्या 'स्पर्श' या ऑनलाइन पोर्टलवर चालतं, म्हणून आधार, पॅन, बँक खातं आणि शीट रोलवरचं नाव तंतोतंत एक असायला हवं. शीट रोलवर 'पांडुरंग', आधारवर 'पांडूरंग' एवढ्यावर काम अडलेलं मी पाहिलं आहे. बायकोचं नाव आणि जन्मतारीख पार्ट टू ऑर्डरने (सेवेच्या नोंदी चढवणाऱ्या युनिटच्या हुकमाने) चढलेली आहे का तेही याच वेळी बघून घ्या, नाहीतर फॅमिली पेन्शनच्या वेळी तिला पुन्हा पहिल्यापासून फिरावं लागेल. मुदत उलटली तर त्याच न्यायाधिकरणात अंमलबजावणीचा अर्ज करता येतो.

पी.पी.ओ. आला की कलम २३ चं नवीन प्रमाणपत्र मागा, दोन्ही भाषांत. मग ते घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ओळखपत्राचा अर्ज भरा. सोबत चार फोटो, आधारची प्रत आणि डिस्चार्ज बुक न्या. मूळ कागद फक्त दाखवायचे, तिथे ठेवून यायचे नाहीत.